खारे पाणी आणि पाण्याची मालकी

सावंतवाडीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तरीही मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात काही विहिरी खाऱ्या होतात. उपसा वाढला की समुद्र जमिनीखालून आत शिरतो, हे इथे सर्वांना ठाऊक आहे. पण समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर, अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या कोरडवाहू खोऱ्यात पाणी खारे का? त्या भागाला ‘खारपाणपट्टा’ असे नाव देऊन राज्यकर्ते मोकळे झाले. जणू ते त्या गावांचे प्रारब्धच! ज्या समाजाने १९५६ साली प्रारब्धाचा सिद्धांत नाकारला, त्याने तरी हे उत्तर स्वीकारता कामा नये.

बुद्धाने दुःखाचे कारण शोधायला शिकविले. सातपुडा आणि अजिंठ्याचे डोंगर यांच्यामध्ये पूर्णेच्या गाळाचा जाड थर आहे. माती चिकण, निचरा मंद, पाऊस जेमतेम सात-आठशे मिलिमीटर आणि ऊन कडक. दीर्घ काळ पाणी उडून गेले आणि क्षार मागे राहिले. हा झाला निसर्गाचा भाग. पुढचा भाग माणसाचा आहे. अनेक ठिकाणी पावसाचे गोडे पाणी वर आणि जुने खारे पाणी खाली असते. खोल बोअर मारून बेसुमार उपसा केला की गोडा थर आटतो आणि खालचे खारे पाणी वर ओढले जाते. तेच पाणी पिकाला दिले की सोडियममुळे काळी जमीन चोपण होते. चोपण जमिनीत पाऊस मुरत नाही आणि गोडा थर पुन्हा भरत नाही.

याची किंमत कोण मोजतो? ऐपतवाला शुद्धीकरणाचे यंत्र बसवतो, पाण्याचा जार विकत घेतो. भूमिहीन शेतमजुराच्या वस्तीत मात्र हातपंप हाच आधार. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत. दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे भारतीय मानक सांगते. ‘दुसरा स्रोत नसेल तर’ ही सवलत नेहमी गरिबाच्याच घशात उतरते!

मुळाशी कायदा आहे. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाला दिला. ज्याला जमीन नाही, त्याला भूजलही नाही. महाडच्या चवदार तळ्याच्या दाव्यातही तळे खासगी स्वरूपाचे आहे, असाच विरोधकांचा युक्तिवाद होता. १९२७ चा सत्याग्रह रस्त्यावर झाला; पण ती लढाई बाबासाहेबांनी कोर्टातही लढवली आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयात जिंकली. पुढे संविधानाच्या कलम १५(२) ने सार्वजनिक विहिरी-तळी सर्वांना खुली केली. आज हातपंप खारा झाला की तोच माणूस दुसऱ्याच्या खासगी बोअरवर हंडा घेऊन उभा राहतो. हक्काच्या पाण्यावरून तो पुन्हा मेहेरबानीच्या पाण्यावर येतो. कोणी अडवले नाही, कोणी बाटवले नाही. तरी महाडला मिळवलेले हातचे जाते.

हत्यारे आपल्याकडे आहेत. राज्याचा २००९ चा भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. शेती व उद्योगासाठी साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला त्यात मनाई आहे. स्वच्छ पाणी हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली सुभाषकुमार खटल्यात म्हटले आहे. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील हातपंपाचे पाणी तपासून घ्यावे, जुने अहवाल माहितीच्या अधिकारात मागावेत, ग्रामसभेत ठराव करावा. धरणाच्या गोड्या पाण्याची नळयोजना गावात आली असेल, तर तिचा नळ वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत येतो की नाही, ते पाहावे. शेततळी मागताना भूमिहीनांच्या वस्तीसाठी गावाच्या सामायिक जागेवर पाणीसाठा मागावा.

खाऱ्या पाण्याला जात नसते. ते कोणाच्या घशात जाते, हे मात्र जमिनीचा सातबारा ठरवतो. महाडचा लढा अजून संपलेला नाही.

जय भीम!