टेस्ला कॉइल करा, पण मायक्रोवेव्ह उघडू नका!

रील बघून घरीच टेस्ला कॉइल करायचं डोक्यात आलंय? भारीच! पण भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून 'स्वस्तात' उरकायचा विचार असेल, तर थांबा. त्यातून सुमारे २००० व्होल्ट निघतात आणि जीव घेण्याइतका करंटही. घरातला ईएलसीबी ट्रिप होईल असं वाटतं ना? नाही होणार. ट्रान्सफॉर्मरची ती गुंडाळी मेन्सपासून वेगळी असते. तुमच्यातून गेलेला करंट तिच्याकडेच परततो, ईएलसीबीला पत्ताही लागत नाही. शिवाय प्लग काढल्यावरही ओव्हनचा कपॅसिटर चार्ज असू शकतो.

माझं मत विचाराल तर सुरुवात 'स्लेअर एक्सायटर'नं करा. ९ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, एक रेझिस्टर, एक एलईडी. मोटर वाइंडिंगवाल्याकडून बारीक तार आणा आणि पीव्हीसी पाइपवर तीनेकशे वेढे घाला, एकावर एक न चढवता. (संयम इथंच संपतो, आधीच सांगतो!) ट्रान्झिस्टर तापतो, बोट लावू नका. जवळ धरलेला सीएफएल मात्र वायरशिवाय उजळतो. विजेचे लोळ निघत नाहीत, मान्य. पण १८९१ साली न्यूयॉर्कमधल्या व्याख्यानात खुद्द निकोला टेस्लानंही काचेच्या नळ्या अशाच वायरशिवाय उजळून दाखवल्या होत्या.