दुधाचा पैसा व गोठ्याचा हिशेब

दहा दिवसांनीं दुधाचें बिल हातीं पडलें कीं गोठा चालला, अशी समजूत आमच्या पुष्कळ शेतकरी बांधवांत रूढ आहे. पीक हंगामाअखेर यावयाचें आणि दूध रोजचें. तेव्हां या पैशाचा आधार वाटावा हें स्वाभाविकच होय. परंतु हातीं आलेली रक्कम म्हणजे नफा नव्हे, ही साधी गोष्ट गोठ्याच्या बाबतींत आम्ही विसरतों. उसाचा एकरी खर्च तोंडपाठ सांगणाऱ्या शेतकऱ्यास आपल्या गाईचें एक लिटर दूध किती रुपयांस पडतें असें विचारलें, तर तो पेंडीचा भाव सांगून थांबतो.

पेंड विकत येते म्हणून तिचा हिशेब राहतो; घरच्या वैरणीचा राहत नाहीं. सुमारें ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईच्या पोटांत रोज १२ किलोंच्या आसपास शुष्क पदार्थ जावा लागतो व त्याचा मोठा भाग वैरणींतूनच येतो. ज्वारीची जागा ऊस व सोयाबीन यांनीं घेतल्यापासून कडबा महाग झाला. तेव्हां ज्या गुंठ्यांत आज मका किंवा गवत उभें आहे, त्या जमिनीचा खंड, पाणी व खत हीं गाईच्या खातीं लिहिलीं पाहिजेत. उसाचें वाढें फुकट मिळतें म्हणून महिनोन्महिने तेंच घालणारेही आहेत. पण त्यांतील ऑक्झलेट कॅल्शियमला बांधून ठेवतें, आणि फुकटच्या वैरणीची किंमत पुढें औषधाच्या रूपानें द्यावी लागते.

दुसरा न लिहिलेला खर्च भाकड दिवसांचा. गाय साधारणतः दहा महिने दूध देते. दोन वेतांतील अंतर १३ महिने असेल तर बसून खाण्याचे महिने तीन. तेंच १८ महिने झालें तर आठ. माज एकदां नजरेंतून सुटला कीं पुढील माजासाठीं सुमारें २१ दिवस थांबावें लागतें. गाय किती लिटरांची, याची चर्चा चावडीवर होते. ती केव्हां भरविली, याची तारीख मात्र कोठेंही लिहिलेली नसते.

तिसरा खर्च घरच्या कष्टांचा. पहांटे शेण काढण्यापासून रात्रीं वैरण टाकण्यापर्यंतचें बहुतेक काम घरच्या स्त्रिया करतात. गडी ठेवला असता तर त्यास पगार द्यावा लागला असता. गृहिणीस तो द्यावा लागत नाहीं, म्हणून तिचें काम फुकट ठरतें. आमचें मत स्पष्ट आहे. तिची मजुरी वहींत आली पाहिजे, आणि जी गोठा सांभाळते तिचें नांव दुधाच्या खात्यावरही असलें पाहिजे.

कोणी म्हणेल, भाव दुसऱ्याच्या हातीं; वही लिहून तो वाढतो काय? आक्षेप खोटा नाहीं. गाईच्या दुधाचे भाव घसरले म्हणून २०२४ मध्यें राज्य सरकारनें लिटरमागें ५ रुपये अनुदान दिलें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घेणारा आमच्या दुधाचें फॅट व एसएनएफ दशांशापर्यंत मोजून ठेवतो, आणि आमच्यापाशीं आमच्याच खर्चाचा आंकडा नसतो. आंकड्यावांचून केलेली मागणी ही याचना ठरते. ती कधीं ऐकली जाते, कधीं नाहीं.

सबब सभासदांस आमची आग्रहाची विनंती आहे कीं, दावणीच्या प्रत्येक जनावरास वहीचें एक पान द्यावें. त्यावर विण्याची व रेतनाची तारीख, आठवड्यांतून एक दिवस दोन्ही वेळां मोजलेलें दूध, वैरण, पेंड, औषध व मजुरी लिहावी. शेणखताची किंमत जमेस धरावी. घरांत शाळेंत जाणारें मूल असल्यास हें काम त्याजकडे सोंपवावें. वर्षाअखेर कोणतें जनावर घरास पोसतें आणि कोणत्या जनावरास घर पोसतें, हें कळून येईल. हें कळल्यावर कदाचित् एखादी दावण रिकामी करावी लागेल. तें दुःख सोसवेल. पण कर्ज काढून घेतलेल्या गाईनें घरची जमीन गहाण पडावी, हें सोसवणार नाहीं.