विश्लेषण : टीडीएस कमी म्हणजे पाणी सुरक्षित?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात हातापायांतील ताकद जाणाऱ्या गुइलेन बॅरे सिंड्रोमचे (जीबीएस) रुग्ण वाढू लागले. संशयितांची संख्या दोनशेपुढे गेली. काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित अन्न-पाण्यातून पोटात जाणारा जीवाणू आढळला. परिसरातील काही खासगी आरओ प्लांटचे पाणीही पिण्यायोग्य नसल्याचे निष्पन्न झाले आणि महापालिकेने ते बंद केले. ‘फिल्टरचे पाणी आहे’ एवढे पुरेसे नाही, हे त्यातून दिसले.

टीडीएस मीटर काय सांगतो?

पाण्यात विरघळलेले क्षार किती, एवढेच. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत टीडीएस योग्य असतो; दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत चालतो. जीवाणू-विषाणू या मीटरला दिसत नाहीत. टीडीएस ५० असलेल्या पाण्यातही ई-कोलाय असू शकतो. मानकानुसार १०० मिलिलिटर नमुन्यात तो अजिबात आढळता कामा नये.

आरओचे पाणी का बिघडते?

क्लोरिनमुळे आरओचे मेम्ब्रेन खराब होते. म्हणून आधीच्या कार्बन फिल्टरमध्येच क्लोरिन काढला जातो. चांगले मेम्ब्रेन जंतू अडवते. मात्र पुढची टाकी, तोटी किंवा जार अस्वच्छ असेल तर नव्याने शिरलेल्या जंतूंना रोखणारे काहीच पाण्यात उरत नाही.

नळाच्या पाण्याचे काय?

धरणातले पाणी शुद्धीकरण केंद्रात तुरटीने निवळते, गाळले जाते आणि मग त्यात क्लोरिन मिसळतात. गढूळ पाण्यात क्लोरिन लवकर संपतो, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. खरा धोका पुढे असतो. पुरवठा काही तासच होतो. बंद काळात रिकाम्या जलवाहिनीत गळतीच्या जागेतून सांडपाणी शिरू शकते. त्यामुळे नळापर्यंत लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५.

विहीर, बोअरचे पाणी?

टीसीएल पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबावे लागते. पण फ्लोराइड किंवा नायट्रेटवर क्लोरिनचा उपयोग नाही. पाणी उकळून आटले तर त्यांचे प्रमाण उलट वाढते. चंद्रपूर, यवतमाळसारख्या जिल्ह्यांत फ्लोराइडची समस्या जुनी आहे. तिथे प्रयोगशाळेतील तपासणीला पर्याय नाही.

मग करायचे काय?

साथीच्या काळात पाणी खळखळून उकळल्यावर निदान एक मिनिट तसेच ठेवावे आणि झाकलेल्या स्वच्छ भांड्यात साठवावे. पण ही जबाबदारी घरोघरच्या गॅसवर ढकलून चालणार नाही. गावातला जलसुरक्षक ओटी चाचणी करतो : पाण्यात थेंब टाकले आणि पिवळा रंग आला, तर क्लोरिन आहे. इतकी सोपी चाचणी शहरातही रोज, वाहिनीच्या टोकाच्या नळावर व्हायला हवी आणि प्रभागनिहाय आकडे नागरिकांना मोबाइलवर मिळायला हवेत. नव्याने हद्दीत आलेल्या, शुद्धीकरण केंद्राची जोड नसलेल्या गावांपासून महापालिकांनी याची सुरुवात करावी. पाणीपट्टी भरणाऱ्याला पाणी किती वाजता येणार हे कळते. ते पिण्यासारखे आहे का, हेही कळायला हवे.