पोरांना शपथ नको, हिशेब शिकवा



22 मार्च हा जागतिक जलदिन. 1993 पासून तो जगभर पाळतात. आपल्याकडे तोवर पऱ्हाटी उपटून झालेली असते, ज्वारीचा कडबा गंजीला लागलेला असतो आणि विहिरीत बादली तळाला टेकू लागलेली असते. नेमक्या त्या दिवशी पोरांच्या हाती फलक देऊन फेरी काढतात आणि शपथ घ्यायला लावतात: दात घासताना नळ बंद ठेवीन.

अशाच एका शाळेत मला भाषणाला बोलावले होते. शपथ झाल्यावर चौथीतली एक पोर उठली. म्हणाली, "सर, आमचा नळ दिवाळीपासून बंदच आहे. मी आणखी काय बंद करू?" सगळे हसले. मला हसू आले नाही. ती पोर पहाटे हापशीवर नंबर लावून शाळेत आली होती. दोन गुंडांत दिवस काढणाऱ्याला काटकसर शिकवायची नसते, त्याच्याकडून शिकायची असते.

चांगल्या सवयी लागू नयेत असे मी म्हणत नाही. पण ज्याने पाणी उधळले नाही त्याच्याच माथी दोष मारणारा धडा हा धडा नव्हे.

मग शिकवायचे काय? गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टरवर तोच पाऊस म्हणजे दहा हजार लिटर. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या गाडीत दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. साऱ्या देशात बातमी झाली. आता पोरांना गुणाकार करू द्या. 50 मिलिमीटरचा एक दणका एका हेक्टरवर पडला की तेवढेच पाणी होते. अशा किती गाड्या दर पावसाळ्यात आपल्या वावरातली माती घेऊन नाल्याने निघून जातात?

शाळेचे छप्पर 100 चौरस मीटर आणि पाऊस 700 मिलिमीटर धरा. 70 हजार लिटर पाणी होते. पाचवा भाग वाया गेला तरी 56 हजार उरते. साठ पोरे, रोज दोन लिटर, 200 दिवस: लागते 24 हजार. मग शाळेतला माठ कोरडा का?

हे गणित शिकवत नाहीत, कारण मोजणारे पोर पुढे प्रश्न विचारते. राज्याच्या पीकक्षेत्रात ऊस थोडा. मग सिंचनाच्या पाण्यात त्याचा वाटा निम्म्याहून जास्त कसा? ऊस लावणारा आपला वैरी नाही, पण हिशेब सर्वांचा व्हावा. 2009 च्या कायद्याने शेतीसाठी 60 मीटरहून खोल विहिरीला मनाई आहे. मग आपल्या गावात तीनशे फुटांचे बोअर किती? या प्रश्नात तुमचे-माझे बोअरही निघेल. निघू द्या. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केले. पाऊस मोजला, आधी पिण्याचे पाणी बाजूला काढले आणि मग ग्रामसभेत पीक ठरवले.

म्हणून येत्या ग्रामसभेत चार ठराव करा.

पहिला: शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसवा; रोजची नोंद पोरांनी करावी.

दुसरा: गावातल्या ठरलेल्या विहिरीची पातळी दर महिन्याला दोरीने मोजून आकडा चावडीच्या फळ्यावर लिहावा.

तिसरा: पिण्याच्या पाण्याचा तपासणी अहवाल वर्गात मोठ्याने वाचावा. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट 45 च्या वर, म्हणजे धोका, हे पोरांना पाठ असावे.

चौथा: शाळेच्या छपराचे पाणी झाकलेल्या टाक्यात घ्यावे, पहिल्या सरीचे सोडून द्यावे आणि पिण्याआधी शुद्ध करावे.

फळ्यावरचा आकडा लपवता येत नाही. उद्या टंचाईच्या बैठकीत साहेब म्हणतील, तुमच्या गावात पाणी आहे. तेव्हा आपल्या हाती अर्ज नको, पोरांची वही हवी.