इंटर्नशिप वॉर्डात हवी, कागदावर नको

परदेशात एमबीबीएस करणाऱ्यांची तिथली इंटर्नशिप राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्वतः पडताळावी, केवळ शिक्क्याच्या प्रमाणपत्रावर ती मान्य करू नये, असे आमचे ठाम मत आहे.

आयोगाच्या २०२१ च्या नियमावलीने किमान ५४ महिन्यांचा अभ्यासक्रम, त्याच परदेशी संस्थेत १२ महिने इंटर्नशिप आणि मायदेशी आणखी १२ महिने, असे बंधन घातले. हेतू रास्तच आहे. पण किर्गिझस्तानातील ओशसारख्या शहरात वर्ग इंग्रजीत भरतो आणि खाटेवरचा रुग्ण किर्गिझ, उझबेक किंवा रशियन बोलतो. पोटात कुठे दुखते, कधीपासून दुखते, जेवल्यावर वाढते का, एवढेही ज्याला विचारता येत नाही, तो हिस्ट्री काय घेणार? असा विद्यार्थी राउंडला मागे उभा राहतो आणि वर्ष सरते. हात शिकत नाहीत. कर्ज काढून पाठवणाऱ्या आईवडिलांना हे कळते तेव्हा उशीर झालेला असतो, आणि ही उणीव पुढे आपल्याकडच्या एखाद्या ग्रामीण रुग्णालयातल्या रुग्णाला भोगावी लागते.

तेव्हा आयोगाने प्रत्येक इंटर्नची केसनिहाय नोंदवही मागवावी, ती दूतावासामार्फत संबंधित रुग्णालयाकडून ताडून घ्यावी आणि स्थानिक भाषेची परीक्षा इंटर्नशिपपूर्वी सक्तीची करावी. आगामी प्रवेश सुरू होण्याआधी हे नियम जाहीर झालेच पाहिजेत. विद्यार्थी विमानात बसल्यावर निघालेल्या परिपत्रकाचा कुणालाही उपयोग नाही.