रजा मिळाल्यानंतरचे आजारपण
सत्तरी गाठलेल्या प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची चौकशी न करता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे दरसाल 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळावेत, ही ऑक्टोबर 2024 मधील तजवीज निःसंशय स्तुत्य होय. परंतु तिचा अंमल मुख्यत्वे इस्पितळाच्या खाटेपुरताच चालतो, आणि पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाचे दीर्घ आजारपण तर इस्पितळातून रजा मिळाल्यावरच सुरू होते. शय्याव्रणे होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस पालटणे, नाकातील नळीवाटे पातळ अन्न देणे, लघवीच्या नळीची स्वच्छता राखणे, ही कामे अहोरात्र करणाऱ्या मावशींचा पगार खाजगी विमापत्रांतही सहसा बसत नाही. तेथे घरगुती उपचारांचे कलम असले, तरी ते रुग्ण हलविण्याजोगा नसेल किंवा इस्पितळात जागा नसेल तरच, आणि तेही एरवी इस्पितळातच करावयाच्या उपचारांपुरतेच, बहुधा लागू होते. हप्ता भरण्यापूर्वी ते बारकाईने वाचावे. डॉक्टरांच्या लेखी शिफारशीवरून निदान पहिल्या तीन महिन्यांच्या प्रशिक्षित गृहशुश्रूषेचा खर्च देणे विमा नियामक प्राधिकरणाने कंपन्यांवर बंधनकारक करावे, अशी आमची आग्रहाची मागणी आहे. आज तो भार बहुतेक घरांत लेकीसुनांच्या नोकरीवर पडतो.