खाड्याचा नफा

पुण्यात सदाशिव पेठेत माझी मेस आहे. नव्वद मेंबर, बहुतेक सगळे स्पर्धा परीक्षेवाले; कुणी परभणीचा, कुणी हिंगोलीचा, चार-पाच जळगावकडचे. महिन्याचे 2,800 रुपये, दोन वेळचं जेवण, रविवारी रात्री चूल बंद. म्हणजे महिन्याला 56 ताटं, एक ताट 50 रुपयांना.

मेसमध्ये जेवलेल्यांना खाडा म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते: मेंबर जेवायला आला नाही की तो खाडा. पुष्कळ ठिकाणी भिंतीवर पाटी असते, सलग चार दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही. पोरगा दोन दिवस तापानं पडला, मित्राच्या लग्नाला गेला, परीक्षेचं सेंटर नागपूरला आलं म्हणून रातोरात निघाला, तरी पैसे गेले.

या पाटीत किती पैसा आहे, हे मला माझ्या भाच्यानं दाखवलं. तो आयटीत आहे, हिशोबात हुशार. मेंबरमागे महिन्याला सरासरी सहा खाडे, नव्वद मेंबर, म्हणजे 540 ताटं. ''मावशी, न शिजवलेल्या जेवणाचे 27,000 रुपये तुझ्या हातात येतात आणि त्यातले तू परत देतेस!'' त्याचं गणित चुकलेलं नव्हतं. मला फक्त ते ऐकून कसंतरी झालं. ज्या धंद्यात गिऱ्हाईक उपाशी राहिलं की मालकाचं भलं होतं, तो जेवणाचा धंदा कसा म्हणायचा?

मी एका वेळचा खाडाही धरते. सकाळचा आदल्या रात्री सांगायचा, रात्रीचा दुपारी तीनच्या आत. परत मात्र 30 रुपयेच मिळतात, पूर्ण 50 नाहीत. मेंबर आला नाही म्हणून जागेचं भाडं थांबत नाही आणि पोळ्या लाटणाऱ्या दोघींचा पगारही कापता येत नाही. हे मी पहिल्याच दिवशी तोंडावर सांगते. एकजण भांडला होता, कायद्याचा अभ्यास करणारा. दोन दिवसांनी तोच डबा न्यायला आला.

यात मी फार दानशूर आहे असं कुणी समजू नये. खाड्याचे पैसे मिळतात म्हणून पोरं खाडा कळवतात, आणि त्यांनी कळवलं की रात्री 71 ताटं लागणार की 84, हे मला दुपारीच ठाऊक असतं. पातेल्यात भात उरत नाही, पोळ्या वाळत नाहीत. जिथं खाडा धरतच नाहीत तिथं कुणी कशाला कळवेल? तिथं अंदाजानं शिजवतात आणि उरलेलं दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकतात. (फोडणीच्या भातावर माझा राग नाही. रोज आला की मात्र ओळखावं.)

ही रीत मी शोधलेली नाही. माझी आई लालबागच्या चाळीत खानावळ चालवायची. दहा बाय बाराची खोली, चौदा-पंधरा गिरणी कामगार, घरं सगळ्यांची कोकणात नाहीतर साताऱ्याकडं. शिमग्याला, गणपतीला माणूस गावी गेला की आई वहीत फुली मारायची आणि पगाराच्या दिवशी तेवढे पैसे कमी घ्यायची. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. त्यांना दुकानदार म्हणायचं कुणाच्या मनातही आलं नाही, आणि म्हणून बँकेनं कर्ज द्यावं असंही कुणाला वाटलं नाही. किराणा उधार आणि वरचा पैसा सावकाराचा. गोव्याच्या मुक्तिलढ्यातून आलेल्या प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांच्या दारात नेऊन उभं केलं. तारण काय, तर एकमेकींची हमी. 1982 च्या संपात गिरण्या बंद पडल्या आणि खानावळवाल्यांच्या वह्यांत उधारीची पानंच्या पानं भरली. आईची काही पानं वसूल झाली, काही नाही.

त्या वहीमुळंच माझं एक मत झालंय. लोकांच्या गरजेसाठी धंदा काढणाऱ्याला नफा नको असतो, हा समज खोटा आहे. नफा त्यालाच जास्त लागतो. मार्च 2020 मध्ये कोरोनामुळं पोरं आठ दिवसांत गावी गेली. अर्ध्याहून जास्त जणांचे पैसे आगाऊ आलेले होते. ते परत करताना माझी एक एफडी मोडली. मागं शिल्लक नसती तर मीही पाटीकडं बोट दाखवलं असतं. तेव्हापासून दर ताटामागे दोन रुपये मी बाजूला काढते आणि त्याला हात लावत नाही. मदुराईत डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी 1976 मध्ये निवृत्तीनंतर 11 खाटांवर अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं, तेही पैसे घेऊनच चालतं. ज्याला परवडतं तो भरतो, आणि त्याच्यातून न भरणाऱ्याचा मोतीबिंदू निघतो. खोली वेगळी मिळते, डॉक्टर तेच. लेन्स परदेशातून आणणं परवडेना, तर 1992 मध्ये त्यांनी ऑरोलॅब काढून ती स्वतःच बनवायला घेतली. कुणी परवडत नाही म्हणालं की मला आता त्या लेन्सची आठवण येते.

न परवडण्याचे दिवस माझ्याकडंही येतात. 2015 मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली. दर वाढवायचा किंवा वरणात पाणी, असे दोनच रस्ते सगळे सांगत होते. मी फळ्यावर लिहिलं, आठवड्यातून दोन दिवस तूर, बाकी मूग आणि मसूर. कुरकुर झाली. सोलापूरचा एकजण म्हणाला, ''मावशी, मसुरीला लसूण जरा जास्त घाला, मग कळत नाही.'' खरंच कळत नव्हतं.

भाचा अजून म्हणतो, तीन शाखा काढ, ॲप काढ. शाखा काढली तर खाड्याचा फोन कोण घेणार, एवढंच मी विचारते. नव्वदांची तोंडं मला पाठ आहेत, तीनशेंची राहणार नाहीत, आणि मग मलाही ती पाटी लावावी लागेल.

गेल्या महिन्यात पीठ मळायच्या मशीनसाठी कर्ज मागायला एका बँकेत गेले होते. पोळ्या लाटणाऱ्या दोघींपैकी एकीचा खांदा दुखतो, पन्नाशीची आहे ती. अर्जासोबत प्रोजेक्ट रिपोर्ट लागतो. त्यात पुढच्या पाच वर्षांतली वाढ लिहायची असते. साहेबांनी विचारलं, ''पुढच्या वर्षी मेंबर किती?'' म्हटलं, नव्वद. ''त्याच्या पुढच्या वर्षी?'' नव्वद. ''मावशी, असं चालत नाही हो, काहीतरी वाढवून लिहा.'' मी जागेचं माप सांगितलं, एका पंगतीला तीस बसतात, तीन पंगती होतात. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि फाइल शेजारच्या ढिगावर टाकली. दोनदा जाऊन आले, अजून तिथंच आहे. तोवर सकाळची परात मी मळते, रात्रीची ती.